बापावर दहा

फोन आला तेव्हा मी माजलगावच्या बस स्थानकावर गरम भज्यांचा दुसरा पुडा उघडत होतो. "भावजी, हे गेले," शांतावहिनी एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, "कुठं?" माझंही चुकलं नाही. त्यांचा नवरा, माझा दोस्त मन्मथ, कायम कुठंतरी गेलेलाच असायचा, कुणाच्या साखरपुड्याला, कुणाच्या बारशाला, खांद्यावर कॅमेरा टाकून... वहिनींनी फोन शेजारणीकडं दिला, आणि मग मला कळलं. भजी बाकावर तशीच सोडून मी वडवणीची गाडी धरली. मन्मथला हे सांगता आलं असतं तर तो आधी भज्यांसाठी हळहळला असता.

गावात केबल आली आणि जो तो स्वतःचं लग्न टीव्हीवर बघायला आसुसला, त्या दिवसांत मन्मथनं वडवणीत व्हिडिओ शूटिंग सुरू केलं. मी त्याचा बिनपगारी उजेडवाला. एरवी गावच्या नाटकांत मी खलनायक असायचो. मला उजेड अंगावर घ्यायची सवय होती, दुसऱ्यावर धरायची नव्हती. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून मन्मथनं जीपच्या हेडलाइटला लाकडी मूठ बसवली होती आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरची बॅटरी जोडली होती. त्या काळचे कॅमेरे अंधारात आंधळेच. एक बटण दाबलं की चित्र उजळायचं खरं, पण सगळ्यांच्या तोंडावर मुंग्या चालल्यासारखं दिसायचं. मन्मथ ते बटण शक्यतो दाबायचा नाही. लांबून झूम केलं की उजेड आणखी कमी होतो, हे तो स्वतःच शिकला होता. म्हणायचा, "माणसाला लांबून ओढू न्हाई बे. दोन पावलं म्होरं जा." पंगतीत तर तो एवढा पुढं जायचा, की एकदा नवरदेवाच्या मामानं त्याच्याच तोंडात जिलेबी घातली.

माजलगावकडच्या एका गावातलं लग्न. मुलीचे वडील काशिनाथअप्पा, किराणा दुकानदार. कॅमेरा दिसला की माणूस खांबाआड. "माझं काय काढतूस? पोरीचं काढ," असं त्यांचं दिवसभर चाललेलं. पाठवणीला दिवस मावळला आणि वीज गेली. मी उजेड नवरीवर धरला होता. अप्पा तिच्या शेजारी अंधारात उभे. तेवढ्यात मांडवाच्या पलीकडच्या खांबाशी एक हिरव्या साडीतली मुलगी उभी राहिली. माझा हात आपोआप तिकडं वळला. नवरी अंधारात, अप्पा अंधारात, आणि हिरवी साडी अशी झळाळली, जणू तिचीच पाठवणी चालली होती. मन्मथ ओरडला, "वसंत्या, उजेड कुठंय बे!" मी तो परत आणेपर्यंत अप्पा डोळे पुसत गर्दीत शिरले होते. ती मुलगी आज माझी बायको आहे आणि हा लेख ती वाचणार आहे, म्हणून एवढंच लिहितो की उजेड अगदीच वाया गेला नाही.

पण तीन महिन्यांत काशिनाथअप्पा वारले. त्यांचा एकही धड फोटो घरात नव्हता. त्यांच्या बायकोला, कौसामावशींना, आठवलं की पाठवणीच्या वेळी ते पोरीशेजारी उभे होते आणि कॅमेरा चालू होता. त्या वडवणीच्या बाजाराला आल्या की मन्मथच्या दुकानात टेकायच्या. "निगालं का रं काई त्यांचं?" कॅसेटमध्ये तिथं नुसता उजेडाचा एक लखकारा आणि मग काळोख. व्हीसीआर थांबवला की पडद्यावर पट्टे थरथरायचे. मन्मथ चहा सांगायचा आणि म्हणायचा, "मावशी, आजून न्हाई. चूक माजीच हाय. पर काडतो मी." मी तिथंच स्टुलावर बसलेला असायचो, चहाच्या कपात नाक घालून. त्यानं एकदाही माझ्याकडं बोट दाखवलं नाही. नाटकात मी किती जणांना दगा दिला असेल, पण त्या स्टुलावर बसण्याइतकं अवघड काम मला कुठल्याच नाटकानं दिलं नव्हतं.

चार वर्षं अशी गेली. मग संगणकावर एडिटिंग होतं अशी बातमी आली आणि आम्ही संगणक घ्यायला औरंगाबादला निघालो. कॅसेट मन्मथच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेली. पहिल्या दुकानात पडद्यावर परदेशी मासे पोहत होते. रंग असे की तोंडाला पाणी सुटावं. मन्मथ म्हणाला, "तुमचे मासे ऱ्हाऊ द्या. ह्ये लावा." अंधारातली पाठवणी बघून दुकानदार म्हणाला, "हो जाएगा साब, एकदम दिन जैसा." दुसऱ्या दुकानातही तेच, वर मोठ्या मॉनिटरचा आग्रह. तिसऱ्या दुकानात जाड चष्म्याचा एक शांत माणूस होता. त्यानं तो तुकडा दोनदा पाहिला आणि मान हलवली. "नाही होणार. कॅमेऱ्याला जे दिसलंच नाही, ते संगणक कुठून आणेल? पण हा मध्ये लखकारा आहे ना, त्याच्या चौकटी, म्हणजे फ्रेम, एकेक करून सुट्या करता येतील. आत काय आहे, ते मी सांगू शकत नाही." मी निराश होऊन उठलो. मन्मथनं माझा सदरा ओढून मला बसवलं. "ह्याच्याकडूनच घ्यायचं. दिवसभरात न्हाई म्हणणारा ह्यो येकलाच भेटला." मॉनिटर लहान घेतला, मेमरी आणि डिस्क जास्त. मोठा पडदा गिऱ्हाइकाला, मोठी डिस्क कामाला, असा त्याचा हिशेब होता.

वडवणीला आणून लखकारा उघडला. जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. बारा चौकटी निघाल्या. नवरीवरून हिरव्या साडीकडं पळणारा माझा उजेड वाटेत काशिनाथअप्पांवरून गेला होता! पहिल्या दोन चौकटींत त्यांचा नुसता खांदा. पुढं चेहरा... आणि दिवसभर खांबाआड लपणारा तो माणूस टोपी नीट करत होता. उजेड आपल्याकडं येतोय असं वाटून हात टोपीला गेलेला, ओठ हसायला सुटलेले. शेवटच्या चौकटीत ते पूर्ण हसले होते, आणि तिथंच उजेड त्यांना सोडून पुढं गेला. मला मान वर करवेना.

पुढच्या बाजारच्या दिवशी कौसामावशी आल्या. मन्मथनं त्या बारा चौकटी संथ करून लावल्या. टोपीचा हात हळूहळू वर गेला. मावशी पडद्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "टोपी आजून वाकडीच हाय." मग पदर तोंडाला लावून हसल्या की रडल्या, मला ठरवता आलं नाही. मन्मथ मागून म्हणाला, "मावशी, अंधार माज्या चुकीनं. पर ह्यो उजेड ह्या वसंत्यानं टाकलेला हाय बरं का." मावशींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मन्मथ संगणकाकडं तोंड करून बसला होता. त्याचे खांदे हसत होते.

तेव्हापासून त्याचा नियम झाला, पाठवणीला बापावर दहा. नवरीचा बाप कुठंही लपला असो, मन्मथ दोन पावलं पुढं जाणार, मी उजेड धरणार आणि तो मोठ्यानं दहा आकडे मोजणार, म्हणजे माझा हात मध्येच कुठं भटकू नये. नंतर संगणकावर तो आपला आवाज काढून तिथं सनई घालायचा. तालुक्यातल्या कितीतरी घरांत बाप सनईवर डोळे पुसताना दिसतात. आमच्या मन्मथचं मोजणं कुणालाच ठाऊक नाही.

परवा वहिनींनी दुकान उघडायला बोलावलं. आयुष्यभर कॅमेऱ्यामागं राहिलेल्या माणसाचं एकही चित्र सापडेना. लिंगायत रीतीनं बसवून नेला त्याला आम्ही, दुकानात बसायचा तसाच, पण तेव्हाही काही टिपायचं कुणाला सुचलं नाही. मग मी न कापलेल्या मूळ कॅसेटींतली एक लावली. कुठल्याशा मांडवात अंधार, कुणाचा तरी बाप, आणि अगदी कानाशी त्याचा आवाज, "हालू नको बे, वसंत्या... येक... दोन... तीन..." वहिनी दारात थांबल्या. उजेडाची मूठ भिंतीवरच्या खिळ्याला होती, ट्रॅक्टरची बॅटरी कधीच मोडीत गेलेली. तरी माझा रिकामा हात वर गेला आणि दहा होईपर्यंत तसाच राहिला.