योद्ध्याचं वर्ज्य, आईचं वांगं

मी घरबसल्या परदेशी कॉमिकमध्ये रंग भरते. लिहिणारे तिकडे, रेखाटणारे तिकडे. काळ्या रेघांची पानं मेलवर येतात आणि मी शहराच्या कडेला, बेसातल्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून ती रंगवून परत पाठवते. नातेवाइकांच्या लेखी हे काम नव्हेच. "अजून चित्रंच रंगवून राहिली का?" असं ते विचारतात आणि मी दर वेळी चिडते.

गेल्या हिवाळ्यात आलेलं कॉमिक आयर्लंडच्या जुन्या पुराणकथांवर होतं. चार महावीर एकत्र येऊन जग वाचवतात, असा नेहमीचा मामला. एक चांदीच्या हाताचा राजा, एक कावळीचं रूप घेणारी रणदेवी, एक लाटांवरून घोडा दौडवणारा दर्यादेव आणि चौथा, सगळ्यांना भारी पडणारा योद्धा. यातल्या प्रत्येकाला जन्मापासून काही ना काही वर्ज्य. ते पाळलं तोवर ताकद, मोडलं की खेळ खलास. योद्ध्याला दोन गोष्टी वर्ज्य होत्या. कुत्र्याचं मांस खायचं नाही, आणि कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. शत्रूला हे ठाऊक. लढाईच्या वाटेवर तीन म्हाताऱ्या चूल मांडून कुत्रा भाजत बसतात आणि त्याला हाक मारतात. बाकीचे तिघं त्याला परोपरीनं अडवतात. तरी तो उतरतो, घास घेतो, आणि ज्या हातानं घेतला तो हात लुळा पडतो.

मला ते पान काही पटेना. शेजारी आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तिच्यावरच मी राग काढला. "एवढा मोठा लढवय्या अन् घासभर मटणानं गारद? नाही म्हणून पुढे जायचं ना सरळ!"

"असं कसं नाही म्हणन? समोरच्या ताटाले लाथ मारन का तो?" आई म्हणाली. मग चष्मा सारखा करून स्क्रीनकडे वाकली. "अन् त्या म्हाताऱ्यांले हिरवं काहून केलं वं? जेवाले तं बोलावून राहिल्या बिचाऱ्या."

"कपटी आहेत त्या."

आईनं दोन शेंगा सोलल्या. "त्यानं खाल्लं तं त्यालेच होते ना? दुसऱ्या कोणाले तं नाही होत?"

"त्यालेच."

"मंग त्याचं सोपं आहे," आई म्हणाली, आणि तिचे हात थांबले.

तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला अर्धंच माहीत होतं. दोन दिवसांपूर्वी मावशीचा फोन आला होता. आईची ही थोरली बहीण मुलानं घर घेतलं म्हणून बेसातच राहायला आली होती, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, त्याच मुलाच्या लग्नात, बुटीबोरीजवळच्या त्यांच्या गावी दोघींचं बिनसलं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी नसेल तर लोक जेवलो म्हणत नाहीत. मावशी स्वतः भाजी वाढायला आली आणि आईनं पत्रावळीवर आडवा हात धरला. आई वांगं खात नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो शहरातला नखरा समजला जायचा. नव्या व्याह्यांसमोर मावशीचं तोंड एवढंसं झालं. "माह्या घरचं चालत नाही काय तुले?" असं ती म्हणाली, आणि आई पंगतीतून उठली. मीही तो नखराच समजत होते.

त्या दुपारी आईनं मला खरं सांगितलं. मी दोन वर्षांची असताना तापानं फणफणले होते, धंतोलीच्या दवाखान्यात चार दिवस डोळे उघडले नव्हते. तिथल्या बाकावर बसून तिनं आपलं सगळ्यांत आवडतं वांगं माझ्या जिवासाठी सोडलं. कुणाला बोलली नाही, कारण असं सोडलेलं बोलून दाखवलं की त्याचा जोर जातो. मग मला कसं सांगितलं, तर ज्याच्यासाठी सोडलं त्याला सांगितलेलं चालतं म्हणे. हा कायदा तिनं त्याच क्षणी केला असणार.

मला हसू आलं नाही. मी वांगं चाटूनपुसून खाणारी. दर आठवड्याला तिच्याकडून करवून घ्यायची, आणि ती चाखत नाही म्हणून मीठ कमी पडलं की वर कुरकुर करायची. मला माझी लाज वाटली.

रविवारी गेलो. मुलगा-सून बाहेरगावी, घरी एकटी मावशी. मावशीनं ज्वारीच्या भाकरी, वरणभात आणि पातेलंभर भरीत केलं होतं, मुद्दामच. भरीत म्हणजे मावशीचा जीव की प्राण. तिनं आपल्या ताटात घेतलं, माझ्या ताटात वाढलं, आणि मग पळी आईच्या ताटावर धरून थांबली. या खेपेला आईनं हात आडवा धरला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत भीती होती, माझ्यासाठीची.

"मावशी, थांब," मी म्हणाले, आणि दवाखान्यापासून सगळं सांगून टाकलं. आई "चूप वं, चूप" करत राहिली.

मावशीनं पळी खाली ठेवली. "मले काहून नाही सांगतलं वं? मी का परकी होती?"

"सांगतलं की जोर जाते, बाई."

"आता तं गेला ना मंग." मावशीनं आपल्या ताटातलं भरीत निपटून पुन्हा पातेल्यात काढलं. "एकटीनं नाही पुरत आता. आजपासून मीबी सोडलं."

"काहीतरीच! तुले भरतावाचून भाकर जात नाही."

"म्हणूनच तं. नावडतं सोडून काय फायदा?"

एवढं भरीत कोण खाणार, तर उरले मी. मी नको म्हणू लागले तर मावशीनं डोळे वटारले आणि पातेलं माझ्यापुढे सरकवलं. मी जेवत होते, आणि दोघी बहिणी वरणभात कालवता कालवता एकमेकींना खेटून मला खाताना बघत होत्या.