फुकटच्या सॉफ्टवेअरपुढं ठिय्या

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, नंतर मी हसू देणार न्हाई. लई मोठा घोळ घातलाय म्या. पण चुकलो म्हणाल तर ते मला मान्य न्हाई. ऐका आधी.

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी एका क्लासात केमिस्ट्री शिकवायचो. कॉम्प्युटरला हात लावायची हौस मला एकट्यालाच, म्हणून प्रश्नपत्रिका छापायचं कामही माझ्याच गळ्यात. त्यासाठी एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलेलं. जगभरची माणसं हौसेनं, बिनपगारी बनवतात. अडचण आली की त्यांच्या साइटवर लिहायचं, ज्याला येतं तो सांगतो.

शनिवारी सकाळी पेपर छापायला बसलो, तर सगळ्या सूत्रांच्या जागी नुसते चौकोन! बेंझिनबी चौकोन, पाणीबी चौकोन. रविवारी परीक्षा. निलंगा, जळकोटची पोरं पहिल्या एसटीनं येणार. पेपर न्हाई म्हटलं की तीच पोरं समोरच्या क्लासात जाऊन बसणार, आन आमचे मालक मला घरी बसवणार.

साइटवर लिहिलं, तात्काळ मदत करा. तासाभरानं कुण्या परदेशी माणसाचं उत्तर आलं. उत्तर कसलं, उलटा प्रश्न! सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, आन फाइल पाठवता का?

माझं डोकंच फिरलं. हितं घर जळाय लागलंय आन हा बाबा विचारतो, घर कोणत्या साली बांधलं? म्या उत्तरच दिलं न्हाई. दाद मिळंना की आपण काय करतो? कचेरीपुढं ठिय्या.

बारावी पुन्हा देणाऱ्या रिपीटर पोरांची अख्खी बॅच कॉम्प्युटरवर बसवली. एकेकानं आपापल्या नावानं लिहायचं, आमच्या सरांना न्याय द्या. एका पोरीनं तर 'नाहीतर उपोषण' असंबी लिहिलं. सगळं मराठीत. दुपारपर्यंत त्या साइटवर आमच्याशिवाय काही दिसंना. मी खूश! तेवढ्यात पडद्यावर आलं, तुमच्या जागेवरून लिहायला बंदी. अख्ख्या क्लासला!

तणतणत फिजिक्सच्या शेख सरांच्या घरी गेलो. म्हणलं, "भूकंपात आपल्याकडं माणसं मदतीला धावत आली. तेव्हा कुणी विचारत बसलं का?"

शेख सरांचं गाव त्याच भूकंपात गेलेलं. ते शांतपणे म्हणाले, "विचारलं ना. आल्या आल्या पहिलं तेच विचारलं, माणसं कुठल्या खोलीत निजली होती? ज्यांनी सांगितलं, त्यांची लवकर निघाली. माझी अम्मी तशीच जित्ती निघाली."

 म्या खिशातला पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातात दिला.

सरांनी त्यांच्या लेकाच्या कॉम्प्युटरवरून, मला विचारून आवृत्ती कळवली, फाइल पाठवली, पोरांच्या वतीनं माफीबी मागितली. पोरांच्या हां, माझ्या न्हाई. मी अजून मागितलेली न्हाई. चहा संपायच्या आत उत्तर आलं, तुमची आवृत्ती जुनी हाय, नवी घ्या. घेतली, सूत्रं आली, रविवारी परीक्षा झाली.

पुढच्या आठवड्यात त्या साइटच्या माथ्यावर नवी सूचना लागली. इंग्रजीत, आन खाली चक्क मराठीत. शेख सरांकडूनच लिहून घेतलेली: 'एका अडचणीसाठी एकानेच लिहावे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. उपोषण करू नये.'

हसा, हसा. पण जगात इतक्या भाषा असताना मराठीला तिथं जागा मिळवून दिली कुणी?