आमच्या घरचा किलो

आमच्या घरात किलो हे वजन नव्हतं, भांडं होतं. वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा. त्यावर कधीकाळी ‘१ किलो’ छापलेलं होतं, म्हणून त्याचं नावच किलो पडलं. “दोन किलो बेसन घे वं,” असं आई म्हणाली की दोन डबे घ्यायचे. विहारातल्या भोजनदानाची पाटवडी याच किलोनं होत आली, आणि ती कधी उरली नाही.

आमच्या वस्तीतल्या बायांच्या गटानं बुटीबोरीच्या एका कामगार वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मागितलं. तिथला व्यवस्थापक म्हणाला, “बाई बदलली की चव बदलते. ग्रॅममध्ये कृती लिहून आणा, नाहीतर राहू द्या.” वर हसून विचारतो, “डबा-वाटी हे काय माप झालं?”

मी मोर्च्यांची पत्रकं लिहिते. निषेधाचा मथळा तिथंच तयार झाला होता. पण आईनं दंड धरला. “भांडू नोको. त्याले पायजे ते लिहून देऊ.”

काटा आणला. बेसनानं डबा काठोकाठ भरला, डब्याचं वजन वजा केलं. काटा सहाशे ग्रॅमच्या आसपास थांबला.

“काटा खोटा हाय,” आईनं निकाल दिला.

मी मिठाची न फोडलेली किलोची पुडी काट्यावर ठेवली. बरोबर एक किलो. तेच मीठ डब्यात ओतलं, तर डबा भरलाच नाही! शेजारची काकू कपाळावर हात मारून म्हणाली, “माय वं! इतके वर्सं आमाले फसवून राहिली होती काय?”

“मी काहून फसवीन? डब्यावरच लिवलं होतं ना!”

डबा खोटं बोलत नव्हता. तो फक्त तुपाबद्दल बोलत होता. आम्ही कागदावर ‘दोन किलो बेसन, चार किलो पाणी’ असं लिहून दिलं असतं, तर कुणी बेसन तोलून घेतलं असतं, पाणी डब्यानं, आणि पाटवडीची वीट झाली असती. मग तोच माणूस म्हणाला असता, बघा, बायांचा अंदाज!

आम्ही सगळंच तोललं. डब्याचं बेसन किती, पाणी किती, वाटीभर तिखट किती. मीठ तर आई हातानंच टाकते. तिची मूठ भांड्यावर यायच्या आत मी खाली काट्यावरची वाटी धरली.

“मूठबी तोलतं काय वं?”

“तुझीच तर तोलायची आहे.”

वसतिगृहातल्या चाचणीच्या दिवशी आईला मुद्दाम चुलीपासून लांब ठेवलं. रांधायला काकू, जिच्या भाजीनं घरची माणसं घाम पुसत उठतात. तिनं कागद भिंतीला चिकटवला आणि प्रत्येक जिन्नस काट्यावरून घेतला. तिखटाशी हात थबकला, पण वाढला नाही.

आई कामगारांच्या पंगतीत जेवायला बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिची पाटवडी तिला कुणी वाढत होतं. व्यवस्थापकानं दुसऱ्यांदा रस्सा घेतला आणि सोमवारपासून या म्हणाला. माझ्या ओठांवर एक कडक वाक्य आलं होतं. पण आई तिकडे बघतच नव्हती. ती घास चावत होती, परीक्षकासारखी.

“का वं, मीठ बराबर पडलं का?” काकूनं भीत भीत विचारलं.

“माहीच मूठ हाय ते,” आई म्हणाली, आणि ताट पुढं केलं. “वाढ अजून.”