वाकलेला गळ पुन्हा पाण्यात

दातांच्या डॉक्टरांनो, हे वाचाच.

आज वसईतल्या माझ्या दवाखान्यात पाचूबंदरचे पंच्याऐंशीचे आजोबा आले. जन्मभर मासेमारी केलेला माणूस. दाढ सुजलेली. एक्स-रे काढला, तर दाढेच्या मुळात सुईचा मोडका तुकडा!

गोष्ट पन्नासच्या दशकातली, आजोबांनीच सांगितलेली. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे. पायानं फिरवायच्या मशीनला सुई लावून एक डॉक्टर त्यांच्या दाढेचं मूळ कोरत होता. सुई वाकली. त्यानं ती पकडीनं सरळ केली आणि परत लावली. आजोबांचे वडील ओरडले, "वाकलेला गल सरल करून पुन्ना पान्यात टाकाचा नाय, डाक्टर. मोडतो!"

डॉक्टर म्हणाला, "हा काय मासा आहे?"

आणि सुई मोडली. वडिलांनी डॉक्टरचं डोकं भिंतीवर आपटलं, बुक्क्यांनी थोबाड फोडलं. "तुकडा काढ, नायतर इथंच गाडीन!"

रक्तबंबाळ डॉक्टर जिवाच्या भीतीनं खोटं बोलला, "निघाला, निघाला."

मी मनातल्या मनात त्या डॉक्टरला शिव्या हासडल्या आणि मूळ कोरायची सुई, म्हणजे फाइल, मशीनला लावली. आजोबांनी माझं मनगट धरलं. "ही नवी हाय ना, बाय?"

ती आधी चार दातांत फिरलेली होती. फिरून फिरून धातू थकतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तोंडातून निघून गेलं, "हो, नवीच."

मग पाठ फिरवून मी नव्या फाइलचं पाकीट फोडलं. आजोबांनी तो आवाज ऐकला. मगच त्यांनी आ केला.

तुमच्या मशीनला आत्ता लावलेली फाइल कितव्या दाताची आहे?