पिचर बदला, नाहीतर मास्तर बदला!

आमच्या घरात बेसबॉल कुणालाच कळत नव्हता, तरी त्या खेळापायी आमच्या एका घरात दोन चुली झाल्या.

ही गावात मोजकेच फोन होते तेव्हाची गोष्ट. कवठे येमाईच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावच्या शाळेत पी.टी.ला गायकवाड सर. कबड्डीला आणि खो-खोला तालुक्यातल्या झाडून साऱ्या शाळा उतरायच्या, आणि आमच्या पोरी पहिल्याच फेरीत हरून दुपारच्या एस.टी.नं जेवायला घरी यायच्या. एकदा सर कुठल्याशा शिबिराला गेले, आणि येताना एक बॅट, थोडे कातडी हातमोजे आणि हा नवा खेळ घेऊन आले.

"बेसबॉल! अख्ख्या तालुक्यात तीनच शाळा खेळतात," सरांनी पालकसभेत सांगितलं. "दोन मॅच जिंकल्या की थेट जिल्हा!"

हा हिशोब सगळ्या पालकांना एकदम पटला. खेळ असा : एकीनं चेंडू फेकायचा, ती पिचर. समोरचीनं तो बॅटनं टोलवायचा आणि चार कोपऱ्यांना ओळीनं पाय लावत परत जागेवर यायचं. कोपऱ्याला बेस म्हणायचं, आणि परतायच्या जागेला घर. (मला एवढंच कळलं होतं. पुढं दौंडला सिद्ध झालं की एवढंही कळलं नव्हतं.)

पिचर झाली आमची रोहिणी. नववीत होती. तिचा नेम आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा. आबांनी अर्धी हयात मेंढरांमागं काढलेली. कळपातून फुटलेल्या मेंढराच्या तोंडापुढं वीतभर अंतरावर दगड टाकून त्याला वळवणारा माणूस! नातीला त्यांनी चालायच्या आधी फेकायला शिकवलं. आणि तिचा चेंडू झेलायला मागं बसायची पल्लवी, माझ्या मेहुण्याची, बाळासाहेबांची मुलगी. राहूला, तिच्या गावी, घरात तीन दांडगे भाऊ, अभ्यास होत नाही म्हणून ती आमच्याकडं, आत्याकडं शिकायला होती. एक फेकणार, एक झेलणार, दोघी एकाच घरातल्या, एकाच ताटात जेवणाऱ्या. आम्ही तालुका जिंकलो.

तिथून आमची शांतता संपली.

मी दूध डेअरीत सेक्रेटरी. संध्याकाळी दूध घालायला आलेला माणूस दुधाची फॅट मोजून होईपर्यंत उभा असतो, आणि उभ्या माणसाला विषय लागतो. आजवर तो विषय सरपंच असायचा. आता टीम झाली.

"मधली पोरगी लई सावकाश पळती. बदला तिला."

"आन् मास्तर कडंला हाताची घडी घालून का उभा असतो? जरा वरडाय नको?"

"त्येला खेळच कळत न्हाई!"

"तुला कळतो?"

"मला कळायची काय गरज? पगार त्यो घेतो!"

एकानंही बेसबॉलची पूर्ण मॅच पाहिली नव्हती. मीसुद्धा काटा वाचता वाचता हळूच म्हणायचो, "सरांनी थोडं आक्रमक व्हायला पाहिजे." आक्रमक म्हणजे काय करायला पाहिजे, ते मला कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब.

मग जिल्ह्याच्या सामन्याआधी दोन आठवडे सरांनी फळ्यावर नवी टीम लिहिली. पिचर : पल्लवी. रोहिणी : मागं, पार मैदानाच्या टोकाला, जिथं चेंडू आठवड्यातून एकदा येतो.

त्या संध्याकाळी आबा डेअरीत आले नाहीत. घरीच ओट्यावर बसले होते.

"कळपाचा म्होरक्या असा मधीच बदलत्यात व्हय रं दत्तू? त्या मास्तराला बदल!"

"आबा, मी कसा बदलणार? मी दुधाचा सेक्रेटरी."

"पालकसंघात हायस ना? का तिथंबी नुसता च्या प्यायला जातूस?"

आत बायको सुनंदा वेगळ्याच पेचात. "लेक बसली आन् भाची उभी राहिली. आता मी रडू का पेढे वाटू?" पेढे तिनं वाटले नाहीत, पण एक वाक्य बोलून गेली, "तसा पल्लवीचाबी हात चांगलाय म्हणा."

झालं! आबांनी काठी उचलली, अंगणात गेले, तीन दगड मांडले आणि स्वतःची चूल पेटवली. "ज्या घरात नातीची कदर न्हाई, त्या घरची भाकर नको." रानात आयुष्य काढलेला माणूस, भाकरी सुनंदापेक्षा गोल थापायचा. (हे मी त्या काळात घरात बोललो नाही. आजही हळूच लिहितोय.)

माझं काय झालं? आबांकडं जेवलो नाही तर मी बायकोच्या पक्षाचा, घरात जेवलो नाही तर आबांच्या. तीन दिवस मी दोन्ही चुलींवर जेवलो. चौथ्या दिवशी सायकलवर बसवेना.

रोहिणीला विचारावं, असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दोघी पोरी मात्र पूर्वीसारख्या एकाच अंथरुणावर खिदळत झोपत होत्या.

शेवटी मी हेडमास्तरांकडं गेलो. गुळमुळीत बोलून परत यायचं, आणि घरी 'चांगलं झापलं' असं सांगायचं, एवढाच बेत होता. गायकवाड सर तिथंच बसले होते.

"सर, लोकांचं म्हणणं असं आहे की—"

"लोकांचं का तुमचं?" हेडमास्तर म्हणाले.

"म्हणजे... दोघांचंही."

सरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, उसाची मोळी दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची संधी आल्यावर माणूस बघतो तसं! गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "दत्तात्रयराव, रस्त्यानं जाताना लोक अडवतात, सलूनमध्ये अर्धी दाढी झाल्यावर टीम विचारतात. तुम्हीच घ्या आता. फक्त रोहिणीचं एक सांगायचं होतं, तिचा जरा—"

"ते मी बघतो सर! माझीच मुलगी आहे."

ती शिट्टी घेऊन मी बाहेर पडलो तेव्हा शिपायानं मला नमस्कार केला. मला वाटलं, आदरानं.

त्याच संध्याकाळी डेअरीत मी काट्याला हात लावतो न लावतो तोच एकजण म्हणाला, "काही म्हणा, गायकवाड सर बरे होते."

"अरे, मी अजून एक दिवससुद्धा—"

"दिसतंय की लगेच. शितावरनं भाताची परीक्षा!"

आणि डेअरीचा फोन वाजला. राहूवरून बाळासाहेब. "दाजी, अभिनंदन! आन् पल्लवीला पिचरवरनं काढली, तर मी तिला उद्याच्या एस.टी.नं घेऊन जाणार. मग कॅचरबी शोधा आन् भाचीबी!"

मागं वळलो तर दारात आबा. "रोहिणीच टाकंल चेंडू. न्हाईतर माझी चूल हायच."

दोन्ही बाजूंना खूश ठेवायचं म्हणून मी दोन निर्णय घेतले. पहिला, अर्धी मॅच रोहिणी फेकेल, अर्धी पल्लवी. दुसरा निर्णय आठवला की अजून अंगावर काटा येतो. सरांच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलं होतं की पहिल्या आणि तिसऱ्या बेसपाशी एकेक माणूस उभा करता येतो. तो पळणाऱ्या पोरींना थांब किंवा पळ असं सांगतो. मी पहिल्या बेसला आबांना नेमलं आणि तिसऱ्याला बाळासाहेबांना. दोघंही विरघळले. आबा घरात जेवायला आले. मला वाटलं, प्रशिक्षण म्हणजे हेच. माणसं जोडता आली पाहिजेत.

सामना दौंडला. डेअरीच्या टेम्पोत पोरी, बॅट, आबा, आणि कळशीभर पाणी घेऊन सुनंदा. बाळासाहेब राहूवरून मोटारसायकलवर परस्पर आले, डोळ्याला काळा गॉगल. आबांनी नवं मुंडासं बांधलेलं. गावातले पंधरा-वीस जाणकार दोन जीप करून हजर. आणि कडेला, लिंबाच्या सावलीत, शेंगा खात गायकवाड सर. एवढा निवांत माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

रोहिणीनं चेंडू टाकायला सुरुवात केली, आणि पहिला चेंडू समोरचीच्या डोक्यावरून गेला. दुसरा तिच्या पायात. चार चेंडू वाकडे पडले की समोरच्या पोरीला पहिला बेस फुकट मिळतो. आम्ही एवढे बेस फुकट वाटले, की त्यांच्या पोरींनी पळायचं सोडून दिलं, चालतच फिरायला लागल्या. रोहिणी प्रत्येक चेंडूनंतर खांदा चोळत होती. मला दिसत होतं. पण पहिल्या बेसपाशी आबा माझ्याकडं बघत होते, आणि मी शिट्टीकडं बघत होतो.

"दत्तू, बदल की पोरगी!" मागून जाणकार ओरडले.

हेच जाणकार परवा म्हणत होते, रोहिणीशिवाय टीम म्हणजे मिठाशिवाय पिठलं!

अर्धा खेळ झाल्यावर पल्लवी आली, आणि पोरीनं कमाल केली. त्यांच्या एकीलाही घरी येऊ दिलं नाही. इकडं आमच्या पोरी टोलवत टोलवत जवळ आल्या. शेवटचा डाव, आम्ही फक्त एका रननं मागं, आणि एकच आउट; तीन झाले की डाव संपतो. दुसऱ्या बेसवर रोहिणी, पहिल्यावर पल्लवी. दोघी आल्या की जिल्हा आमचा! मलासुद्धा वाटायला लागलं की आपल्यात काहीतरी आहे.

आमच्या पोरीनं चेंडू सणसणीत हाणला. दोघी पळाल्या. रोहिणी तिसऱ्या बेसला पोचली, पुढं घर मोकळं.

"पळ! पळ! थांबू नको!" बाळासाहेब तिच्या कानाशी.

आणि पार पलीकडून, पहिल्या बेसवरून, आबांनी मेंढरं अडवायची हाळी दिली. "हॅर्रर्रर्र! थांब पोरीऽऽ!"

ती हाळी रोहिणीच्या रक्तात होती. ती जागच्या जागी थिजली.

मग बाळासाहेबांना मागून येणारी स्वतःची लेक दिसली. दोन बेसच्या मध्ये, दमलेली. बापच तो! टीम विसरला, गॉगल काढला, दोन्ही हात पसरले. "ये गं बाय, ये! इकडं ये!"

आणि पल्लवी आली. तिसऱ्या बेसवर आता दोघी उभ्या, एकमेकींचा हात धरून. दोघी सुरक्षित आहेत हे बघून मी समाधानानं टाळ्या वाजवल्या.

समोरच्या पोरीनं चेंडू आणून शांतपणे दोघींना लावला. पंच म्हणाले, "आउट!"

"कोण?" रोहिणीनं मला विचारलं.

एका बेसवर एकच माणूस राहतो, आणि तो मान पुढचीचा, म्हणजे रोहिणीचा. आउट होती पल्लवी. हे मैदानावर फक्त दोघांना माहीत होतं : पंचांना आणि लिंबाखालच्या सरांना. मी पूर्ण आत्मविश्वासानं सांगितलं, "रोहिणी, तू ये बाहेर!"

बिचारी बापाचं ऐकून बेस सोडून बाहेर आली. त्या पोरीनं तिला पुन्हा चेंडू लावला.

"हीसुद्धा आउट. मॅच संपली," पंच म्हणाले.

मैदानावर जो गोंधळ झाला, तो सांगण्यासारखा नाही. आबा म्हणाले बाळासाहेबांनी घात केला, बाळासाहेब म्हणाले म्हाताऱ्यानं पोरगीला मेंढरू केलं, सुनंदानं दोघांच्या मध्ये कळशी आदळली आणि दोघांना एकदम गप्प केलं. "पोरी रडत्यात तिकडं! बघितलं का कुणी?"

टेम्पो परत निघाला. न्हावरे गावाच्या पुढं आल्यावर मी रोहिणीला म्हणालो, "सरांनी तुला उगाच काढलं होतं बघ. सराव तुटला, म्हणून आज असं झालं."

"सरांनी न्हाई काढलं, आप्पा," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्यांना. महिना झाला खांदा दुखतोय. पल्लवीला टाकू द्या म्हणलं मीच. आन् घरी सांगू नका म्हणलं. आबांना वाईट वाटलं असतं."

सर त्या दिवशी 'तिचा जरा' म्हणत होते, तो हा खांदा. आणि मी म्हणालो होतो, माझीच मुलगी आहे!

आबांनी डोक्याचं नवं मुंडासं सोडलं, त्याची घडी करून तिच्या खांद्याखाली उशीसारखी ठेवली, आणि शिरूर येईपर्यंत बाहेर बघत बसले. शिरूरला टेम्पो थांबवून पहिल्यांदा डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी महिनाभर हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. पल्लवीनं तो महिना तिची वेणी घातली, वह्या लिहिल्या. दोघींचं कधी भांडण झालंच नव्हतं. ते आम्ही मोठ्यांनी आपापसात वाटून घेतलं होतं.

दौंडहून आल्यावर चार दिवसांनी मी शिट्टी परत द्यायला सरांच्या घरी गेलो, तर त्यांनी दार अर्धवटच उघडलं. "दोन आठवडे शांत झोप लागतेय, दत्तात्रयराव. राहू द्या तुमच्याकडंच." आणि हसत दार लावून घेतलं. माझ्या डोक्यावर ही मोळी आता कायमची बसली, असंच मी धरून चाललो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी डेअरीत गेलो, तर काट्यापाशी घोळका. मला बघून सगळे पांगले, आणि टेबलावर एक कागद राहिला. हेडमास्तरांना अर्ज! 'नवीन परशिक्षकास खेळातले काहीही कळत नसल्याने त्यांना तात्काळ काढून गायकवाड सरांस हातापाया पडून परत आणावे.' खाली सह्या. पहिली आबांची, वळणदार. दुसरी सुनंदाची. तिसरी बाळासाहेबांची, माणूस खास सहीसाठी राहूवरून येऊन गेला होता! आबा, सुनंदा आणि मेहुणा यांचं एकमत झालेला तो आमच्या घराण्यातला पहिला कागद.

मी तो दोनदा वाचला. एकही शब्द खोटा नव्हता. फक्त 'परशिक्षक' चुकलं होतं. ते पेनानं 'प्रशिक्षक' असं दुरुस्त केलं, आणि चौथी सही मी केली.