बॉनेटवरचा भंडारा

सांडूला मी पाच वर्षं ओळखतो, पण एवढ्या काळात तो निर्धास्त बसलेला मी एकदाही पाहिलेला नाही. चितेगावच्या कंपनीत आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर पत्रे दाबतो. त्याचा माल कधी परत येत नाही, कारण प्रत्येक तुकडा तो दोनदा उलटून बघतो. खोलीला कुलूप लावून जिना उतरला की परत वर जातो आणि कुलूप ओढून बघतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की आधी वास घेतो. मी त्याला म्हणायचो, "अरे, तुझ्या आईनं शिकवलेली भाजी तूच केलीयेस, दुसऱ्या कुणी नाही." तरी वास घ्यायचाच.

आणि अशा माणसाला काय हवं होतं, तर स्पोर्ट्स कार. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली, आणि ऐपतीप्रमाणे जुनी.

त्याचं घर फर्दापूरच्या पुढं डोंगराकडच्या वस्तीवर आहे. वडील मुंजाबा अजूनही चाळीसेक मेंढरं राखतात. सांडू पंधरा वर्षांचा असताना कळप रस्ता ओलांडत होता आणि दोन्ही बाजूंनी गाड्या हॉर्न वाजवत होत्या. जीप, ट्रक, लेणी बघायला निघालेल्या बसगाड्या, सगळ्या. त्यात एक लाल ठेंगणी गाडी होती. तिच्यातल्या माणसाने इंजिन बंद केलं आणि शेवटचं कोकरू पलीकडं जाईपर्यंत गुपचूप बसून राहिला. "भाऊ, त्या दिवशी एकटा तोच थांबला," असं सांडू मला सांगायचा. एवढ्याशा गोष्टीवर माणूस नऊ वर्षं जीव लावून बसतो, यावर मी आधी हसलो होतो. नंतर हसणं सोडून दिलं.

बीड बायपासला काकासाहेबांचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. त्यांनी मोबाइलवर टाकलेल्या जाहिरातीत सांडूला ती गाडी दिसली आणि त्याचं जेवण सुटलं. दर तासाला मोबाइल काढून जाहिरात आहे की गेली ते बघायचा. असली तर म्हणायचा, "अजून कुणी का घेतली नसंल? काहीतरी खोट असणार." दिसायला उशीर लागला तर म्हणायचा, "गेली वाटतं." इन्शुरन्सचं काय, पार्ट कुठून आणायचे, वस्तीच्या रस्त्यावर खाली घासली तर काय, अशी एकेक चिंता तो माझ्याकडं आणून ठेवायचा. सगळ्यांत मोठी चिंता वडिलांची होती. "घरात तीन माणसं आन गाडीत जागा दोन. बा इचारणार, तिसऱ्यानं काय टपावर बसायचं?"

शेवटी मीच वैतागलो. माझ्याकडं दहा वर्षांची जुनी गाडी आहे, त्यामुळं गाड्यांमधलं मला कळतं असा माझा समज होता. शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर, येतोय असा फोन करून, मी त्याला घेऊन काकासाहेबांकडं गेलो.

गाडी पत्र्याच्या शेडखाली सावलीत उभी होती. फोटोपेक्षा चांगली दिसत होती. मी कागद पाहिले, चेसिस नंबर ताडून पाहिला, टायर दाबले, खाली वाकून तेलाचे डाग शोधले. बॉनेटवर टेकलेला हात उचलून कमरेवर ठेवला आणि मोठ्या रुबाबात प्रश्न विचारले. काकासाहेबांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. आवाज असा गोड की मीच सांडूला कोपर मारलं. बायपासवर एक चक्करही मारली. सांडूचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तो तीस-चाळीसच्या पुढं जाईना.

परत आलो तर काकासाहेब म्हणाले, "चार वाजता जालन्याची पार्टी येणार आहे. घाई करा असं मी म्हणत नाही. तुमचं तुम्ही बघा."

बिचाऱ्या सांडूचा चेहरा पडला. त्याच घाबरगुंडीत त्याने खिशातून कापडाची पुरचुंडी काढली, चिमूटभर भंडारा घेतला आणि गाडीच्या बॉनेटवर लावला. त्याची आई बानाबाई हिने नोकरीला निघताना ती पुरचुंडी दिली होती. मला वाटलं, पोरगं देवभोळं आहे, नमस्कार करतंय.

पण काकासाहेब ओळखून होते. टोकन द्यायला मी मोबाइल काढला तर त्यांनी हात धरला. "राहू द्या. भंडारा लागला म्हणजे व्यवहार पक्का. मीही इथलाच आहे, मला रीत माहितीये. जालनेवाल्याला आत्ताच नको म्हणून सांगतो."

ती रीत मला घरी येताना कळली. सांडूच्या वस्तीवर मेंढा विकत घेताना दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात, आणि सगळ्यात शेवटी कपाळाला भंडारा लावतात. एकदा लावला की घेणाराही फिरत नाही आणि विकणाराही. मुंजाबांनी एकदा असाच मेंढा घेतला होता. घरी येईपर्यंत तो खोकायला लागला. लोक म्हणाले, परत कर. मुंजाबांनी केला नाही. मेंढा कामाचा नव्हता तरी मरेपर्यंत सांभाळला. त्यांच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगतात.

सांडूने अंगठ्याची साल कुरतडत कुरतडत रक्त काढलं. "भाऊ, मी आधी लावला. सगळं बघायच्या आधी लावला. मेकॅनिकला दाखवायची होती. आता कसं?"

मी म्हणालो, "कसं म्हणजे? गाडी चांगली आहे. मी बघितलीये ना." आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रविवारी सकाळी त्याने वडिलांना फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो. दोन माणसांच्या जागेबद्दल काय बोलणी बसणार म्हणून सांडूच्या कपाळावर घाम होता. मुंजाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सकाळी बघितली का दुपारी?"

"दुपारी."

पलीकडून आवाज आला, "मी येतो."

संध्याकाळच्या एसटीने ते आले. डोक्याला मळकट पागोटं, खांद्यावर उपरणं आणि घोंगडी, उंच आणि वाळलेला माणूस. सांडूच्या खोलीत त्यांनी भाकरी खाल्ली, मला "रामकिसन, पोराला संबाळतोस, बरं करतोस" म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. गाडीबद्दल एक शब्द काढला नाही. त्यामुळं सांडूची झोप पुरतीच उडाली. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तो मला सकाळी म्हणाला.

सोमवारी आमची दुसरी पाळी होती. पावणेसातलाच आम्ही तिघं बायपासला पोचलो. काकासाहेब दुकानाच्या मागंच राहतात. टॉवेल गुंडाळून दात घासत बाहेर आले आणि आम्हाला बघून ब्रश तोंडातच राहिला. "इतक्या सकाळी? दहाला या ना, धुऊन-पुसून ठेवतो."

मुंजाबा तोवर गाडीजवळ गेले होते. जनावराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात त्यांनी बॉनेटवर ठेवला. भंडारा अजून तसाच होता, त्याला बोट लागू दिलं नाही.

"गार हाय," ते म्हणाले. "आता उठवा."

आणि मला एकदम आठवलं. शनिवारी मी त्याच बॉनेटवर हात टेकला होता आणि चटका बसून उचलला होता. दुपारचं ऊन म्हणून मी सोडून दिलं. गाडी सावलीत होती. आम्ही यायच्या आधी काकासाहेबांनी ती अर्धा तास चालवून ठेवली होती, आणि मी शहाणा टायर दाबत फिरत होतो.

काकासाहेब नको नको म्हणत चावी घेऊन आले. पहिल्यांदा गाडी नुसती कुंथली. दुसऱ्यांदा सुरू होऊन बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू झाली ती मागून निळा धूर सोडत, आणि आतून डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट येत होता. सांडू दोन पावलं मागं सरला.

"थंडीमुळं होतं असं," काकासाहेब म्हणाले. "पाच मिनिटांत बघा, आवाज गायब."

"व्हय, जाईल की," मुंजाबा शांतपणे म्हणाले. "लंगडं जनावर बाजारात आणायच्या आदी कोसभर चालवून आणत्यात. पाय गरम झाला की लंगडत नाय. उद्या सकाळी दावणीला परत लंगडतं."

पाच मिनिटांत आवाज खरंच गेला. पण आता तो गोड आवाज ऐकवेना.

काकासाहेबांनी मग राखून ठेवलेला पत्ता काढला. "मामा, जुनी गाडी म्हटली की थोडंफार असणारच. पण भंडारा लागलाय. मी जालन्याचं गिऱ्हाईक परत पाठवलं. तुमच्या माणसांत शब्द फिरत नाही, म्हणून मी रुपयासुद्धा घेतला नाही."

खोकणाऱ्या मेंढ्याची गोष्ट माझ्या आणि सांडूच्या डोक्यात एकदमच आली असणार. सांडू पांढराफटक पडला होता. तो हळूच म्हणाला, "बा, मी लावलाय. मी घेतो."

मुंजाबांनी खांद्यावरच्या उपरण्याचं टोक हातात घेतलं. त्यांनी बॉनेटवरचा भंडारा कणन् कण त्या टोकात टिपून घेतला. एक चिमूट काढून सांडूच्या कपाळाला लावली आणि बाकीचा मुठीत धरला.

"मेंढा खोकला तर माझं नुकसान झालं, मी सोसलं," ते काकासाहेबांना म्हणाले. "ह्यात माझं पोरगं बसणार. फर्दापूरच्या घाटात ही बंद पडली आन मागून ट्रक आला, तर शब्द घेऊन मी काय करू?"

काकासाहेबांनी गाडी बंद केली आणि पुन्हा दात घासायला लागले.

तिथून आम्ही रिक्षाने बायपासजवळच्याच सातारा गावातल्या खंडोबाला गेलो. वाटेत मुंजाबांनी मूठ उघडली नाही. देवळात त्यांनी तो भंडारा देवापुढं ठेवला, दोन्ही कान धरले आणि आजूबाजूला माणसं आहेत याची फिकीर न करता मोठ्याने बोलले. "मल्हारी, लागलेला भंडारा मी पुसला. जन्मात पयल्यांदा. पोराचा काय दोष नाय, तो घेत हुता. त्याला काय करू नगंस. जे करायचं ते मला कर."

सांडू रडला. मीही खांबाकडं तोंड करून उभा राहिलो. ज्या अभिमानावर त्या माणसाने सबंध आयुष्य काढलं होतं, तो त्याने एका पोरासाठी पाच मिनिटांत खाली ठेवला, आणि ती वेळ त्याच्यावर माझ्या शहाणपणामुळं आली होती. पायऱ्या उतरताना मी माफी मागायला गेलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

खाली येऊन त्यांनी चपला घातल्या. मग माझ्याकडं वळून विचारलं, "दोनच माणसं बसत्यात म्हणाला न्हवं ह्यो?"

मी घाबरत म्हणालो, "होय, दोनच."

"बरोबर हाय मंग. एका जागी त्यो, एका जागी मी. बानाबाईला गाडीत मळमळतं, ती काय बसायची नाय." ते सांडूच्या कपाळाकडं बघत म्हणाले. "दुसरी कुठं लाल दिसंल तव्हा सांग. मी आदल्या रातीलाच येतो, मंजी सकाळी बघता येईल."