हळद चुकते

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या शेजारच्या अडत दुकानात काम करणाऱ्या एका गृहस्थांच्या खिशात पेन नसतं, हळकुंड असतं. कॅमेऱ्यांची परीक्षा घेणारी त्यांची एक वेबसाइट आहे, निव्वळ हौसेची. कुणाचा तरी कॅमेरा मागून आणतात, पोत्यावर हळकुंड ठेवून फोटो काढतात आणि पडद्यावरचा पिवळा रंग खऱ्या हळकुंडाशेजारी धरून बघत बसतात. बाकी कॅमेरा कितीही गुणाचा असो, रंग हुकला की शेरा एकच: ‘हळद चुकते.’ आमच्याकडचे लग्नाचे फोटो काढणारे तो शेरा वाचल्याशिवाय कॅमेरा घेत नाहीत.

त्यांच्या मुलीच्या हळदीला मी मुद्दाम लवकर गेलो. घरच्या कार्याला हा माणूस कुठला कॅमेरा काढतो, एवढंच मला बघायचं होतं. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. फोटो काढत होता इस्लामपूरचा एक फोटोग्राफर, आणि त्याच्या गळ्यातला कॅमेरा मी यांच्याच वेबसाइटवर पाहिला होता.

“आवं, हा तर तुमीच नापास केलाय,” मी हळूच म्हणालो.

“व्हय की. लय चुकती त्याची हळद.”

“मग?”

त्यांनी मांडवाकडं बोट केलं. फोटोग्राफर काहीतरी बोलला होता आणि हळदीनं माखलेली नवरी तोंडावर हात घेऊन हसत होती.

“मी कॅमेरा धरला की ती हळकुंडागत बसती,” ते म्हणाले.